बकरी ईद: खान्देशातल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हिज्जचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चंद्र दिसला की जळगाव-धुळ्याकडच्या मुसलमान माणसाला दरवर्षी तेच ते प्रश्न येतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये येतात, एसटीत येतात, बाजार समितीच्या ओट्यावर येतात. काही कुतूहलाचे, काही काळजीचे, काही टोचणारे. आमची स्वतःची मुलंही विचारतात, आणि त्यांना "असंच असतं" म्हणून गप्प बसवणं मला कधीच पटलं नाही. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत. खान्देशातले बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पद्धत (सुन्नी धर्मशास्त्राच्या शाखांपैकी एक) पाळतात, तेव्हा नियम त्या पद्धतीचे आहेत. स्वतःच्या घरचा एखादा अडलेला मसला (धर्मनियमाचा प्रश्न) असेल तर मशिदीच्या इमामसाहेबांनाच विचारा.

हा सण कशाची आठवण म्हणून करतात?

हजरत इब्राहिम यांच्या परीक्षेची. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान तिघेही त्यांना आपला पूर्वज मानतात. म्हातारपणी त्यांना मुलगा झाला. तो बापाबरोबर चालण्या-फिरण्याच्या वयाचा झाला तेव्हा इब्राहिम यांना स्वप्न पडलं की ते त्याला कुर्बान करत आहेत. पैगंबरांचं स्वप्न म्हणजे अल्लाहचा हुकूमच. पण त्यांनी मुलाला झोपेत उचलून नेलं नाही. त्याला सांगितलं, आणि विचारलं, "बघ, तुझं काय मत आहे?" मुलगा म्हणाला, "अब्बाजान, तुम्हाला जो हुकूम झालाय तो करा, मी सबर करीन." बापाने मुलाला कपाळावर निजवलं आणि त्याच क्षणी हाक आली: इब्राहिम, तू स्वप्न खरं करून दाखवलंस. मुलाच्या जागी एक मोठी कुर्बानी देण्यात आली. परंपरेनुसार तो मेंढा होता. कुराणाच्या ३७ व्या सुरहमध्ये (अध्यायात), १०२ ते १०७ या आयतींत हे सगळं थोडक्यात आलंय.

माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची ओळ "तुझं काय मत आहे" ही आहे. हुकूम आलेला असतानाही बाप मुलाला विचारतो. आणि गोष्टीचा शेवट मुलगा जिवंत घरी परतण्यात होतो. अल्लाहला माणसाचं रक्त नकोय, हे या गोष्टीतच सांगितलेलं आहे.

तो मुलगा इस्माईल होता की इसहाक?

कुराणात त्या ठिकाणी मुलाचं नाव नाही. मुसलमानांमध्ये तो इस्माईल होता असंच सर्वसाधारणपणे मानतात, बायबलमध्ये इसहाकचं नाव आहे. सणाच्या अर्थात त्याने फरक पडत नाही.

या गोष्टीत आई कुठे आहे?

हा प्रश्न मुलीच जास्त विचारतात, आणि बरोबर विचारतात. इस्माईल यांची आई बीबी हाजरा. मक्क्याच्या ओसाड खोऱ्यात तान्ह्या बाळासकट त्या एकट्या राहिल्या. पाणी संपलं तेव्हा सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये त्या सात वेळा धावल्या, आणि मग बाळाच्या पायाशी झमझमचा झरा फुटला. आज हजला जाणारा प्रत्येक माणूस, राजा असो की रंक, त्या बाईच्या पावलांवरून सात फेऱ्या घालतो. मे महिन्यात हंडे घेऊन वणवण फिरणाऱ्या आमच्या भागातल्या बायकांना हाजरांची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

हजचा आणि ईदचा संबंध काय?

दोन्ही एकाच महिन्यात, एकमेकांना लागून येतात. जिल्हिज्ज हा हिजरी (इस्लामी) वर्षाचा बारावा महिना. ९ तारखेला हाजी अरफातच्या मैदानात उभे राहतात. तो हजचा गाभा. १० तारखेला मिना इथे सैतानाचं प्रतीक असलेल्या भिंतीला (पूर्वी तिथे खांब होता) खडे मारतात, कुर्बानी होते, डोक्याचे केस उतरवतात. जगभरचे बाकीचे मुसलमान १० तारखेला आपापल्या गावी ईद करतात.

पूर्वी आमच्याकडचे हाजी मुंबईहून जहाजाने जात. ती जहाजं १९९५ साली बंद झाली, आता सगळे विमानानेच जातात. हाजीला निरोप द्यायला अख्खी गल्ली स्टेशनवर जाते, ते मात्र तसंच आहे.

तारीख दरवर्षी का सरकते?

हिजरी वर्ष चंद्राचं असतं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. त्यात अधिक महिना नसतो, म्हणून ईद दरवर्षी १० ते १२ दिवस अलीकडे येते. भारतात २०२३ ला ती २९ जूनला होती, २०२४ ला १७ जूनला, २०२५ ला ७ जूनला. साधारण ३३ वर्षांत सण सगळे ऋतू फिरून येतो. चंद्र दहा दिवस आधी दिसतो, त्यामुळे बकरी ईदची तारीख आधीच ठाऊक असते. रमजान ईदसारखी आदल्या रात्रीपर्यंत वाट पाहावी लागत नाही.

मग बोहरी शेजाऱ्यांची ईद आमच्या गावात आधीच कशी झाली?

दाऊदी बोहरा समाजाचं कॅलेंडर गणिताने ठरलेलं असतं, ते चंद्र दिसण्यावर अवलंबून नसतं. म्हणून त्यांची ईद बहुधा एखाद-दोन दिवस आधी येते. भांडण काही नाही.

ईदच्या आधी काही उपास वगैरे असतो का?

जिल्हिज्जचे पहिले नऊ दिवस फार पुण्याचे मानतात. त्यात रोजे ऐच्छिक आहेत. ९ तारखेचा, म्हणजे अरफाचा रोजा घरातली वडीलधारी मंडळी आवर्जून धरतात. ईदच्या दिवशी आणि नंतरचे तीन दिवस मात्र रोजा धरायलाच मनाई आहे. ज्यांच्या नावाने कुर्बानी व्हायची असते ते चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखं कापत नाहीत. हे सक्तीचं नाही, पण पाळतात. ९ तारखेच्या पहाटेपासून १३ तारखेच्या असरपर्यंत (दुपारनंतरच्या नमाजपर्यंत) प्रत्येक फर्ज, म्हणजे सक्तीच्या, नमाजनंतर तकबीर म्हणतात: अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाहु वल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर व लिल्लाहिल हम्द. ही ओळ मुलांची लवकर तोंडपाठ होते.

ईदच्या सकाळी काय काय होतं?

पहाटे आंघोळ, स्वच्छ कपडे (नवेच हवेत असं नाही), अत्तर. रमजान ईदला काहीतरी गोड खाऊन नमाजला निघायचं, बकरी ईदला उलट. नमाज होईपर्यंत काही खायचं नाही, आणि शक्य असेल तर पहिला घास कुर्बानीच्या मटणाचाच घ्यायचा. ईदगाहकडे (ईदच्या नमाजच्या मैदानाकडे) एका रस्त्याने जायचं आणि दुसऱ्या रस्त्याने परतायचं, ही पैगंबरसाहेबांची सवय होती. त्यामुळे जास्त लोक भेटतात.

नमाज दोन रकातींची (आवर्तनांची). तिला अजान नसते. नेहमीपेक्षा सहा तकबीर जास्त असतात, म्हणून नवखा माणूस दर वर्षी शेजारच्याकडे बघून हात उचलतो. नंतर इमामांचा खुतबा (प्रवचन), मग दुआ, मग गळाभेट. कब्रस्तान जवळ असेल तर तिथे जाऊन आईवडिलांसाठी फातिहा पढतात. कुर्बानी या सगळ्यानंतरच. शहरात ईदच्या नमाजआधी कापलेलं जनावर कुर्बानीत धरलं जात नाही.

कुर्बानी प्रत्येक मुसलमानाला करावीच लागते का?

नाही. ज्याच्याकडे गरजा भागून निसाबएवढी मालमत्ता उरते त्याच्यावर ती वाजिब (बंधनकारक) आहे. निसाब म्हणजे साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा तिची किंमत. फक्त सोनंच असेल तर साडेसात तोळे, ८७.४८ ग्रॅम. जकातीसाठी (सक्तीच्या वार्षिक दानासाठी) ही मालमत्ता वर्षभर जवळ असावी लागते, कुर्बानीसाठी त्या दिवसांत असली तरी पुरे. बाईकडे स्वतःचे दागिने असतील तर तिच्यावर तिची वेगळी कुर्बानी वाजिब होते. पुष्कळ घरांत नवऱ्याच्या नावाने एक बोकड कापला की सगळ्यांचं झालं असं समजतात. हनफी मसल्याप्रमाणे ते बरोबर नाही.

आणि ज्याची ऐपत नाही त्याने कर्ज काढून कुर्बानी करू नये. हे मी ठासून सांगतो, कारण सावकाराकडून, बचत गटाकडून पैसे उचलून बोकड आणणारी माणसं आमच्या मोहल्ल्यांत आहेत. "लोक काय म्हणतील" हा धर्माचा नियम नाही.

कोणतं जनावर चालतं?

बोकड, बकरी, मेंढा एक वर्षाचा. मेंढा सहा महिन्यांचा असूनही वर्षाच्या जनावराएवढा भरलेला दिसत असेल तर चालतो. रेडा-म्हैस दोन वर्षांची. लहान जनावरात एकाचीच कुर्बानी होते, मोठ्यात सात हिस्से धरतात. आंधळं, चालता न येण्याइतकं लंगडं, हाडं दिसणारं मरतुकडं, कान एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलेलं, शिंग मुळापासून उखडलेलं जनावर चालत नाही. घरात नको झालेलं, आजारी जनावर देवाच्या नावाने द्यायचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

गाय-बैलाच्या कायद्याचं काय?

महाराष्ट्रात गोवंशहत्येला पूर्ण बंदी आहे. १९७६ च्या कायद्याने गायीला संरक्षण होतंच, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैदेची आहे. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही, पण त्यांनाही पशुवैद्यकाचा दाखला आणि परवानगीची जागा लागते. धर्माच्या बाजूनेही अडचण काही नाही, कारण गाईचीच कुर्बानी करा असं कुठेही सांगितलेलं नाही. खान्देशात आज कुर्बानी मुख्यतः बोकडाचीच होते. बाजारातून जनावर आणताना पावती सांभाळून ठेवा, गाडीत कोंबून आणू नका. वाटेत कुणी अडवलं तर हुज्जत न घालता कागद दाखवा आणि पोलिसांना बोलवा.

बोकड येतात कुठून, आणि पैसा जातो कुणाकडे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. सावदा, वरखेडी, नेरी अशा बाजारांत ईदच्या आधीचे आठवडे जनावरांना उभं राहायला जागा नसते. काळेभोर उस्मानाबादी, पांढरे सुरती, काठेवाडी कळपातले उंच बोकड, धुळे-साक्रीकडच्या ठेलारींचे मेंढे. विकणारे कोण? कोरडवाहू शेतकरी, मेंढपाळ, शेळ्या पाळणाऱ्या विधवा बाया, पाड्यावरचे आदिवासी. त्यातले बहुतेक हिंदू किंवा आदिवासी असतात.

सध्या ईद मे-जूनमध्ये येते आहे, म्हणजे ऐन कपाशीच्या लागवडीच्या तोंडावर. बियाण्याची पाकिटं, खताच्या गोण्या, मुलांची वह्या-पुस्तकं, सगळं एकाच महिन्यात येतं आणि हातात पीक नसतं. अशा वेळी वर्षभर पाल्यावर वाढवलेले दोन बोकड रोख पैसे देऊन जातात. सौदा उक्ता होतो. दात बघायचे (दोन दाती झाला म्हणजे वर्षाचा झाला), पाठीवर हात फिरवायचा, रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा. माझी एक विनंती असते: दलालाशी खुशाल घासाघीस करा, पण म्हातारी आपला एकुलता बोकड घेऊन उभी असेल तर तिने सांगितलेल्या भावात दोनशे रुपये तोडून सवाब (पुण्य) कमावल्यासारखं वागू नका.

अंगावर चंद्रकोर किंवा अक्षर उमटलंय म्हणून लाखांत विकल्या जाणाऱ्या बोकडांच्या बातम्या येतात. त्याला धर्मात कसलाही आधार नाही. तो देखावा आहे, आणि देखाव्याने कुर्बानीचं पुण्य जातं.

जनावर कापणं क्रूर नाही का?

प्रामाणिक प्रश्न आहे, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. मांस खाणं ज्याला मुळातच पटत नाही त्याला माझं उत्तर पटणार नाही, आणि त्याच्या भावनेचा मला आदर आहे. पण जनावराला कमीत कमी त्रास व्हावा यासाठी नियम कडक आहेत. पैगंबरसाहेबांनी सांगितलं आहे की जिबह करताना (जनावर कापताना) नीट करा, सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या. जनावराला आधी पाणी पाजायचं. त्याच्यासमोर सुरी पाजळायची नाही. एकासमोर दुसरं कापायचं नाही. ओढत न्यायचं नाही. "बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर" म्हणून एका झटक्यात श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या, आणि अंग पूर्ण शांत झाल्याशिवाय कातडं सोलायला हात लावायचा नाही.

हे सगळीकडे पाळलं जातं का? नाही. त्या दिवशी कुरेशी (खाटीक) कारागीर कमी पडतात, घाई होते, हौशी पोरं सुरी हातात घेतात. ज्याला येत नाही त्याने करू नये. एक तास थांबा, दुसऱ्या दिवशी करा, कुर्बानीला १०, ११ आणि १२ असे तीन दिवस दिलेले आहेत. (अहले हदीस या दुसऱ्या सुन्नी पंथाची मंडळी १३ तारखेपर्यंत करतात.) कायद्याचं विचाराल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम २८ धर्माने सांगितलेल्या पद्धतीने जनावर मारण्याला गुन्हा मानत नाही. पण जनावराचे हाल करायला ते कलम मोकळीक देत नाही.

मग अल्लाहला मांस लागतं का?

नाही. कुराणाच्या २२ व्या सुरहची ३७ वी आयत सांगते की त्यांचं मांस अल्लाहपर्यंत पोहोचत नाही आणि रक्तही पोहोचत नाही, पोहोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे मनातली देवाची भीती आणि निष्ठा. मांस देवापुढे ठेवत नाहीत, जाळत नाहीत, नैवेद्य दाखवत नाहीत. ते माणसांनी खायचं असतं.

मटणाची वाटणी कशी करतात?

तीन भाग: एक घरचा, एक नातेवाईक-मित्र-शेजाऱ्यांचा, एक गरिबांचा. ही वाटणी सक्तीची नाही, उत्तम मानलेली आहे. घर मोठं आणि गरजू असेल तर सगळं ठेवलं तरी चालतं, सगळं वाटून टाकलं तरी चालतं.

पण खरी ईद इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. वरच्याच सुरहमध्ये, ३६ व्या आयतीत सांगितलंय की त्यातलं खा, आणि जो मागत नाही त्यालाही द्या, जो मागतो त्यालाही द्या. मागणारा दारावर येतो, पिशवी पुढे करतो, त्याला मिळतं. न मागणाऱ्याचं काय? यंत्रमागावरचं काम सुटलेला आणि कुणाला न सांगणारा मोमीन (विणकर). गुजरातेत मजुरीला जाऊन रिकाम्या हाताने परतलेलं कुटुंब. वर्षभर मटणाचा वास न आलेलं पण मान ताठ ठेवणारं निवृत्त घर. त्यांच्यापर्यंत आपण चालत जायचं असतं. आमच्याकडे जाणत्या बायका ईदच्या आदल्या रात्री मनातल्या मनात यादी करतात, कुणाच्या घरी यंदा कुर्बानी नाही त्याची. मुलाच्या हाती झाकलेलं भांडं देताना सांगतात, "सगळ्यांदेखत देऊ नकोस, मागच्या दाराने जा." हे शहाणपण कुठल्या मदरशात शिकलेलं नाही.

याच्या उलट चित्रही आहे. चार घरांत कुर्बानी होते आणि तीच चार घरं एकमेकांना मटण पाठवतात. इकडची रान (मांडी) तिकडे, तिकडची चाप (बरगडी) इकडे, उरलेलं डीप फ्रीजरमध्ये. एका टंचाईच्या वर्षी पैगंबरसाहेबांनी कुर्बानीचं मांस तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली होती, म्हणजे सगळ्यांपर्यंत पोहोचेल. दिवस सुधारल्यावर साठवायची परवानगी दिली. फ्रीजर भरणं हराम नाही. पण शेजारी टंचाई असेल तर त्या पहिल्या वर्षाची आठवण ठेवायला हवी.

वाटताना हाडं, चरबी, बोटी सारखी मिसळा. चांगलं घरी आणि हाडकं गरिबाला, असं करू नका. कापणाऱ्याची मजुरी मटणातून किंवा कातड्यातून द्यायची नाही, रोख द्यायची. मुसलमान नसलेल्या शेजाऱ्यालाही मटण देता येतं, आणि देतातच. फक्त आधी विचारा. श्रावण असेल, एकादशी असेल, माळकरी घर असेल तर न विचारता पाठवलेलं भांडं प्रेमाचं असलं तरी त्रास देतं.

बोकडाऐवजी तेवढे पैसे गरिबाला दिले तर?

ज्याच्यावर कुर्बानी वाजिब आहे त्याची ती पैशाने फिटत नाही, असंच उलेमा (धर्मपंडित) सांगतात. जास्तीच्या, ऐच्छिक कुर्बानीबद्दल मात्र माणूस मोकळा आहे. घरात एक वाजिब झाल्यावर आणखी तीन बोकड प्रतिष्ठेसाठी आणण्यापेक्षा त्या पैशांत एखाद्या मुलीची फी भरणं मला जास्त बरं वाटतं. २०२० साली कोरोनामुळे बाजार बंद होते, सरकारने प्रतीकात्मक कुर्बानीचं आवाहन केलं होतं आणि नमाजही घरी झाली. त्या वर्षी पुष्कळांनी दवाखान्यांना, रेशन किटला पैसे दिले.

कातड्याचं काय करतात?

घरी वापरता येतं (जानमाज, म्हणजे नमाजचं आसन, म्हणून), नाहीतर बहुधा मदरशाला देतात. विकलं तर ते पैसे स्वतःसाठी ठेवता येत नाहीत, दान करावे लागतात. पूर्वी कातड्यांतून मदरशांचा बराच खर्च निघे, आता भाव इतके पडलेत की काही ठिकाणी उचलायलाही कुणी येत नाही. अशा वेळी ते नाल्यात न टाकता मीठ लावून गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचवा किंवा पुरा.

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय पाळावं?

उघड्यावर, रस्त्यावर कुर्बानी नाही. पालिकेने नेमलेली जागा किंवा चारी बाजूंनी बंद अंगण. रक्त गटारीत सोडायचं नाही, खड्डा करून मातीआड करायचं. आतडी-शेण पालिकेच्या गाडीतच. मटण झाकून न्यायचं. आणि मोबाईलवर कापतानाचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, पाठवायचे नाहीत. इबादत स्टेटसवर टाकायची नसते, आणि ते पाहून दुसऱ्याचं मन दुखत असेल तर दुहेरी चूक.

जळगाव-भुसावळच्या उन्हात, पारा ४३-४४ अंशांवर असताना, मटण दोन-तीन तासांत वास मारू लागतं. त्यामुळे वाटप दुपारच्या आत उरका. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांना ते आधी पोहोचवा. जुन्या बाया मीठ-हळद लावून पातळ पट्ट्या दोरीवर वाळवायच्या, अजूनही काही घरी वाळवतात.

आषाढी एकादशी आणि ईद एकाच दिवशी आली तर?

२०२३ ला २९ जूनला आली होती. राज्यात अनेक ठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी फक्त नमाज पढली आणि कुर्बानी दुसऱ्या दिवसावर नेली. त्याने धर्म बुडाला नाही, कारण तीन दिवसांची सवलत धर्मानेच दिलेली आहे. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, शेजाऱ्याचा उपास आहे म्हणून लोक थांबले, याचा मला अभिमान आहे.

खान्देशात हा सण किती जुना? इथलं वेगळं असं काही?

तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. १३८२ च्या सुमारापासून १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत खान्देशावर त्यांचं राज्य होतं. त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर, आज मध्य प्रदेशात. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. म्हणजे सहाशेहून जास्त वर्षं इथे ईदची नमाज होते आहे. पिंजारी, मण्यार, बागवान, तांबोळी, खाटीक, मोमीन ही इथल्याच मातीतली माणसं, गावात अहिराणी बोलणारी.

यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. ते आदिवासी आहेत आणि मुसलमानही. त्यांच्याकडे बोकड बहुधा घरच्याच कळपातला असतो. जंगलाची, डोंगराची माणसं असल्याने चालीरीतींना त्यांचा स्वतःचा रंग आहे. "खरे मुसलमान" ठरवण्याच्या नादात त्यांच्याकडे वाकड्या नजरेने बघणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

ईदला घरी काय रांधतात?

सगळ्यात आधी कलेजी. ती लवकर शिजते, आणि सगळे भुकेले असतात. तव्यावर, काळी मिरी आणि लिंबू, बस. मग दुपारी रस्सा. इथला रस्सा खान्देशी काळ्या मसाल्याचा, खोबरं-कांदा जाळून वाटलेला, वर तेलाचा तवंग. सोबत कळण्याची किंवा ज्वारीची भाकरी. बुऱ्हाणपूरकडे त्याबरोबर रुमालासारखे मोठे मांडे. दुसऱ्या दिवशी पुलाव, खिचडा, शिगेवरचे कबाब. तिसऱ्या दिवशी पाये आणि मुंडी. शीरखुर्मा खरा रमजान ईदचा, पण बकरी ईदलाही बऱ्याच घरी करतात.

हे सगळं करतं कोण? बाया. ईदच्या दिवशी पुरुष नमाज पढून, गळाभेट घेऊन, मटण आणून टाकून मोकळे होतात, आणि रात्री अकरापर्यंत धुणं, कापणं, वाटे करणं, रांधणं, भांडी बाईच्या माथी. पैगंबरसाहेब घरकामात हात लावत, ही सुन्नतही (त्यांची रीतही) पाळायला हरकत नाही. निदान वाटे घालणं आणि पोहोचवणं पुरुषांनी, पोरांनी करावं.

मुलांना बोकडाचा लळा लागतो, मग ती रडतात. काय सांगायचं?

रडू द्या. "मर्द आहेस ना" म्हणून दटावू नका. आठ दिवस बोकडाला सुबाभळीचा पाला भरवल्यावर वाईट न वाटणं हेच विचित्र. मुलाला इब्राहिम यांची गोष्ट सांगा, प्रिय वस्तू देणं म्हणजे काय ते त्याला त्या दिवशी आपल्यापेक्षा जास्त कळलेलं असतं. कापताना पाहण्याची सक्ती कुणावरच करू नये. वाटपाला मात्र त्याला बरोबर न्या.

आम्ही हिंदू आहोत, शाकाहारी आहोत. ईदला यायला चालेल का? काय आणायचं?

चालेल काय, यायलाच हवं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत घरात धांदल असते. तेव्हा संध्याकाळी पाचनंतर या, किंवा दुसऱ्या दिवशी. "ईद मुबारक" म्हटलं की पुरे. आणायचं काहीच नाही, फार वाटलं तर मुलांसाठी खाऊ. शाकाहारी पाहुण्यांसाठी बऱ्याच घरांत वेगळी भांडी ठेवलेली असतात. शेवया, गुलगुले, कुठे वरण-बट्टी, रावेर-यावलकडे कच्च्या केळीची भाजी. मनात शंका असेल तर संकोच न करता विचारा, कोणत्या भांड्यात केलंय म्हणून. यजमानाला त्याचा राग येत नाही. नुसता चहा घेतलात तरी भेट झाली. येण्याआधी एक फोन करा, म्हणजे भाभींना बट्टीची कणीक आधी मळून ठेवता येईल.